विमानतळावरचं माहेर

परत आल्यापासून केजमध्ये जो भेटतो तो एकच विचारतो, "सर, सिंगापूर कसं हाय?" मला नीट उत्तर देता येत नाही, कारण सिंगापूर मी पाहिलंच नाही. ना समुद्र पाहिला, ना त्या उंच इमारती, ना रस्ते. विमानातून जिथं उतरलो तिथंच राहिलो आणि तिथूनच परत फिरलो. मी फक्त एक विमानतळ पाहिला आणि त्याला लागून असलेली एक भली मोठी काचेची इमारत. तिच्यात बाग आहे, दुकानं आहेत, खाण्यापिण्याची ठिकाणं आहेत, राहायला हॉटेलही आहे. लोक तिथं मौजेसाठी जातात. मी माझ्या अम्मीला घेऊन नसीमआपाला भेटायला गेलो होतो.

मी केजच्या शाळेत मराठी शिकवतो. आमचं घर बीडचं. अब्बा फळांचा गाडा लावायचे. ते गेल्यावर अम्मीनं तो गाडा चालवला आणि त्यावरच आम्हा दोघा भावंडांना वाढवलं. नसीमआपा मोठी, मी धाकटा. आपाचं लग्न अंबाजोगाईच्या इक्बालभाईंशी झालं. इक्बालभाई डिझेल मेकॅनिक. हातात कसब होतं, म्हणून ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात काम मिळालं आणि ते तिकडचेच झाले. दोन मुलं, अयान आणि साना, तिथंच वाढली. आपा अधूनमधून बीडला यायची. मग तिला रक्ताचा आजार झाला आणि येणं थांबलं.

सुरुवातीला औषधांनी गुण आला, नंतर येईना. डॉक्टरांनी इक्बालभाईंना बाजूला घेऊन काय सांगितलं ते त्यांनी मला फोनवर सांगितलं, आणि मी बीडला जाऊन अम्मीला सांगितलं. तिच्यापासून काही लपवायचं नाही, असं आपानंच बजावलं होतं. अम्मी ऐकत राहिली. मग म्हणाली, "मला तिचं तोंड बघायचंय. फोनमधलं न्हाई, खरं."

आपाला बीडपर्यंतचा प्रवास झेपणार नव्हता. अम्मीच्या ऑस्ट्रेलियाच्या व्हिसाला तिच्या वयामुळे एकेक तपासणी आणि कागद लागत होता, आणि तेवढी वाट बघायला वेळ नव्हता. इक्बालभाईंनी मधला मार्ग काढला. दोन उपचारांच्या मधे थोडी सवड होती. डॉक्टर एका छोट्या विमानप्रवासाला हो म्हणाले. सिंगापूर दोन्हीकडून साधारण सारख्याच अंतरावर, आणि तिथला व्हिसा काही दिवसांत मिळत होता. "शहरात जायचं कामच न्हाई, रफिक," ते म्हणाले. "विमानतळाच्या शेजारीच सगळं हाय. हिला ऊन लागणार न्हाई, धूळ लागणार न्हाई. व्हीलचेअरवरनं सगळीकडं नेता येतं."

अम्मीचा पासपोर्ट मक्केला उमऱ्यासाठी जायचं म्हणून काढून ठेवलेला होता. तो आधी या कामाला आला.

एक सांगायला हवं. आमच्या घरात दखनी आणि मराठी एकाच वाक्यात नांदतात. त्यात अम्मी चौसाळ्याची, शेतकऱ्यांच्या गल्लीत वाढलेली. तिच्या मराठीपुढं माझी पुस्तकी मराठी फिकी पडते. म्हणून इथं सगळ्यांचं बोलणं मी मराठीतच उतरवलं आहे.

*पोचलो तो दिवस*

बीडहून मुंबई आणि मुंबईहून पुढं, यात सांगण्यासारखं फारसं नाही. अम्मी विमानात खिडकीशी बसली आणि तसबीहचे मणी ओढत राहिली. ढग खाली दिसायला लागले तेव्हा तिनं एकदा माझा हात धरला, आणि सोडला.

तिच्या पायाशी कापडी पिशवी होती. पिशवीत सीताफळं. आमच्या बालाघाटाच्या डोंगरातली, नुकतेच डोळे उघडलेली. पोचेपर्यंत बरोबर पिकतील अशा बेतानं तिनं स्वतः निवडलेली. मी म्हणालो होतो, "अम्मी, तिथं बाहेरचं फळ नेऊ देत नसतील." ती म्हणाली, "मग तिथं टाकू. लेकीकडं मोकळ्या हातानं कावून जाऊ?" उतरल्यावर तपासणीवाल्यानं पिशवी उघडून पाहिली, एक फळ हातात घेतलं, काहीतरी विचारलं. मी इंग्रजीत सांगितलं की बहिणीसाठी आहेत. त्यानं फळ हळूच पुन्हा पिशवीत ठेवलं आणि हातानं जा म्हणून खूण केली.

विमानतळावर एक सरकता रस्ता असतो. उभं राहिलं की तोच आपल्याला पुढं नेतो. मी अम्मीला समजावून सांगेपर्यंत तिनं पाऊल टाकलं, तोल गेला, आणि ती साडी-ओढणी आवरत तिथंच खाली बसली. उठवायला गेलो तर म्हणाली, "राहू दे, बसूनच जाते." मागून येणारे लोक थांबले. कुणी हसलं नाही, कुणी ओरडलं नाही. एकानं तिची चप्पल उचलून पुढं आणून दिली. आपल्याकडं एव्हाना दहा जणांनी दहा सल्ले दिले असते. तिथं सगळे मदत करून मुकाट पुढं गेले. मला ते बरंही वाटलं आणि थोडं परकंही.

मग आम्ही त्या इमारतीत शिरलो.

घुमट आम्हाला नवे नाहीत. बीडमध्ये दर्ग्यांचे घुमट बघत आम्ही वाढलो. पण हा घुमट सगळाच काचेचा होता, आणि एवढा मोठा की त्याखाली आख्खा मोहल्ला मावावा. त्याच्या मधोमध एक भोक, आणि त्यातून पाण्याची जाड धार थेट खाली, मजल्यामागून मजले ओलांडत तळघरापर्यंत पडत होती. भोवती डोंगराला बांध घालावेत तशा पायऱ्या, आणि पायरीपायरीवर झाडं. ताडाची, रानकेळीसारख्या पानांची, नावं माहीत नसलेली कितीतरी. झाडांच्या मागं काचेची दुकानं. घड्याळं, बूट, अत्तरं, खेळणी. वरून एक छोटी आगगाडी आवाज न करता धबधब्याच्या बाजूनं निघून गेली. ओल्या मातीचा वास होता आणि त्यात कॉफीचा वास मिसळला होता.

अम्मी कठड्याला धरून उभी राहिली. "सुभानअल्ला," म्हणाली. मग बऱ्याच वेळानं, "हे पाणी खाली जाऊन कुठं जातंय?"

मी फलक वाचून सांगितलं की हे पावसाचं पाणी साठवलेलं आहे, आणि खाली पडलं की पुन्हा वर चढवतात.

"तेच ते पाणी व्हय?" ती म्हणाली. आमच्या गल्लीत नळ कितव्या दिवशी येतो त्यावर घरातली सगळी कामं ठरतात. ती त्याबद्दल काहीतरी बोलेल असं मला वाटलं होतं. पण तिचे डोळे गर्दीतून फिरत होते.

इक्बालभाईंनी फोनवर सांगितलं होतं, खालच्या बागेत ताडांच्या झाडांजवळ थांबतो. आम्ही उतरून तिकडं निघालो. अम्मी माझ्या पुढं, भराभरा. ती कुणाला शोधत होती ते मला कळत होतं. भरल्या अंगाची, लांब केसांची, मोठ्यानं हसणारी नसीम. व्हीलचेअरमध्ये तोंडाला मास्क लावून, डोक्याला करड्या रंगाचा रुमाल बांधून एक बारीक बाई बसली होती. अम्मी तिच्यासमोरून पुढं निघून गेली.

"अम्मी," ती बाई म्हणाली.

अम्मी थांबली. वळली. आवाज ओळखीचा होता, तोंड नव्हतं. आपानं मास्क खाली केला. अम्मी दोन पावलं मागं आली आणि तिनं आपाचं तोंड दोन्ही हातांत धरलं. गालांवरून, कपाळावरून, रुमालाच्या कडेनं हात फिरवला. आंधळा माणूस हातानं ओळख पटवतो तसा.

"मी तुझ्या म्होरून गेले," अम्मी म्हणाली. "माझ्या लेकीच्या म्होरून मी गेले."

"जाऊ दे अम्मी," आपा म्हणाली. "मीसुद्धा आरशाम्होरून तशीच जाते."

इक्बालभाई मागं उभे होते. दाढी पूर्ण पांढरी झाली होती. त्यांनी मला मिठी मारली आणि बराच वेळ सोडलं नाही.

दुपारी वरच्या मजल्यावर जेवलो. तिथं मलाय लोकांचं हलाल जेवण मिळत होतं. भात नारळाच्या दुधात शिजवलेला, सोबत तळलेली बारीक मासळी, शेंगदाणे आणि गोडसर तिखट. अम्मीनं भाताचा घास घेतला आणि म्हणाली, "गोड न्हाई, तिखट न्हाई, पण पोटाला बरा वाटतोय." शेंगदाणे बघून तिला आपलं काहीतरी सापडल्यासारखं झालं. आपानं फक्त गरम पातळ भात घेतला, तोही इक्बालभाईंनी समोर उभं राहून ताजा करवून घेतलेला.

जेवण झाल्यावर अम्मीनं पिशवी उघडली. सीताफळं बरोबर पिकली होती. बोट लावताच फुटतील इतकी. तिनं एक उकललं. इक्बालभाई चुळबुळले, आपाकडं पाहिलं, मग खाली मान घालून म्हणाले, "अम्मी, हिला न शिजवलेलं फळ न्हाई चालत. डॉक्टरांनी मना केलंय. अंगात ताकद न्हाई ना सोसायची."

अम्मीचा हात तसाच राहिला. आयुष्यभर तिनं आजारी माणसाकडं फळंच पाठवली होती. दवाखान्यात कुणीही असो, आमच्या गाड्यावरून पिशवी जायची. तिच्या हिशेबी फळ न खाण्याइतकं आजारपण कुणालाच नसतं.

आपानं मास्क खाली केला, ते फळ अम्मीच्या हातातच नाकाजवळ घेतलं आणि डोळे मिटून वास घेतला. "तू खा, अम्मी," ती म्हणाली. "मी बघते."

"मी?"

"चांगलं फळ तू कधी खाल्लंस का? कायम गिऱ्हाइकाला ठिवलंस. आज खा."

अम्मीनं खाल्लं. एकेक पाकळी तोंडात घालून, बिया हातात काढून, मान खाली घालून. समोर आपा बघत बसली होती. आजूबाजूला लोक ट्रे घेऊन ये-जा करत होते, पोरं आईस्क्रीमसाठी हट्ट करत होती. अम्मीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी तिनं ते फळ अर्धवट टाकलं नाही.

संध्याकाळपूर्वी अम्मी हॉटेलच्या खोलीत जरा आडवी झाली. मी आपाची व्हीलचेअर ढकलत सगळ्यात वरच्या बागेत गेलो. तिथं फुलांचे ताटवे आहेत, कापलेल्या झुडपांचं एक भुलभुलैयासारखं कुंपण आहे, चालायला हवेत बांधलेल्या जाळ्या आहेत. काचेपलीकडं विमानं उतरताना दिसत होती. आपानं मला एका बाकावर बसायला लावलं.

"रफिक, अम्मीनं कबरस्तानात जागा धरलीय ना?"

मी हो म्हणालो. अब्बांच्या शेजारची जागा अम्मीनं स्वतःसाठी धरून ठेवली होती. आपाचा आजार कळल्यावर ती कबरस्तानाची व्यवस्था बघणाऱ्यांकडं गेली आणि ती जागा तिनं आपाच्या नावानं करून घेतली.

"मला तिथं आणू नका," आपा म्हणाली. "मला पर्थलाच ठेवा."

मी तिची खुर्ची माझ्याकडं वळवून घेतली.

"बघ, बीडात कबरस्तानात बायका जातात का? अब्बा गेल्यापासून अम्मी भिंतीबाहेर उभं राहून फातिहा पढते. आत कबर कुठं हाय ती तिनं एकदाबी जवळनं बघितली न्हाई. मला तिथं ठिवलं तर अम्मी दोन कबरींसाठी भिंतीबाहेर उभी राहील. आन माझी साना? ती वर्षा-दोन वर्षांनी येईल, तिलाबी भिंतच दिसेल." तिला दम लागला. जरा थांबून म्हणाली, "पर्थला पोरी आत येतात. बसतात. मला साना जवळ पायजे."

"अम्मीला कोण सांगणार?"

"मीच सांगते. त्यासाठीच आलेय. फोनवर हे सांगितलं असतं तर ती एकटीच रडली असती."

*दुसरा दिवस*

सकाळी ती इमारत वेगळी वाटते. दुकानं बंद, माणसं तुरळक. काचेतून कोवळं ऊन येतं आणि धबधब्याचा आवाज जास्त ऐकू येतो. नमाज आणि चहा झाल्यावर आम्ही चौघंही वरच्या बागेत गेलो. अम्मीनं आपाच्या डोक्यावरचा रुमाल सोडून, विरळ उगवलेल्या बारीक केसांवरून हात फिरवून तो पुन्हा बांधला. तेव्हाच आपानं सांगितलं. आडवळण न घेता, काल मला सांगितलं होतं तेवढंच.

अम्मीनं ऐकलं आणि हात काढून घेतला.

"तुझ्या बापाच्या बाजूला तुझी जागा हाय," ती म्हणाली. "माझी जागा मी तुला दिली."

"अम्मी, ती तूच ठेव."

"म्हंजी मरूनबी तू परदेशातच राहायची? जिवंतपणी न्हाई आलीस, मेल्यावरबी यायचं न्हाई?"

"अम्मी, असं बोलू नगा," इक्बालभाई म्हणाले.

"तुमी गप बसा, इक्बालमियाँ. तुमीच नेलंत तिला." आजवर जावयाला तिनं वर मान करून उलट बोललेलं मी ऐकलं नव्हतं. ती उठली, ओढणी डोक्यावर घट्ट ओढली आणि तरातरा चालायला लागली. कुठं ते तिलाही माहीत नव्हतं. समोर झुडपांच्या कुंपणात एक वाट दिसली, ती त्यात शिरली.

आपा माझ्याकडं बघून म्हणाली, "जा. तिला एकटी सोडू नको."

त्या कुंपणाचं असं आहे की झुडपं माणसाच्या उंचीची, वाटा सारख्या, आणि प्रत्येक वळणावर तेच हिरवं. मुलांच्या खेळासाठी केलेलं. मी हाका मारत दोनदा चुकीच्या वाटेला गेलो. शेवटी अम्मी एका बंद कोपऱ्यात, झुडपांकडं तोंड करून उभी असलेली सापडली.

"हितनं बाहेर जायला जागाच न्हाई," ती म्हणाली. रडत नव्हती. "तुला ठावं हुतं का?"

"काल सांगितलं तिनं."

"आन तू काय म्हणलास?"

"काहीच न्हाई म्हणलो."

"तू मास्तर हायस. तिला समजवायचं हुतंस."

"मलाच तिचं बरोबर वाटलं, अम्मी."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग बसायला जागा नव्हती तरी खालीच बसली. मीही शेजारी बसलो. तिनं विचारलं, "तिला तिथं कोण हाय?" मी म्हणालो, "अयान हाय, साना हाय, इक्बालभाई हायत. अम्मी, तुझ्यामागं बीडात तिच्याकडं कोण येणार? मी केजला. माझी पोरं उद्या कुठं जातील कुणाला ठावं."

"लेकीची माती माहेरात यावी असं मला वाटलं तर चूक काय?"

"चूक न्हाई."

तेवढ्यात एक मलाय बाई दोन नातवंडांना घेऊन त्या वळणावर आली. अम्मीची पांढरी ओढणी बघून तिनं सलाम केला. अम्मीनं सलामाला उत्तर दिलं. दोघींमधे तेवढेच शब्द सारखे होते. तिनं आमचे चेहरे बघितले, काय समजायचं ते समजली, वाकून अम्मीचा हात धरला आणि तिला उठवलं. नातवंडांच्या मागोमाग ती अम्मीला हाताला धरून बाहेर घेऊन आली. बाहेर आल्यावर अम्मीच्या पाठीवरून हात फिरवला आणि काही न विचारता निघून गेली.

आपा आणि इक्बालभाई होते तिथंच होते. इक्बालभाई उठून उभे राहिले. अम्मी सरळ त्यांच्यापुढं जाऊन बसली आणि विचारायला लागली. फळाचा सौदा करताना ती जशी एकेक गोष्ट विचारते तशी, आवाज न चढवता.

"माती कशी हाय तिथं?"

"रेताड हाय, अम्मी. पांढरट."

"झाडं?"

"हायत. मोठी हायत. सावली हाय."

"गुसल कोण देणार?"

"आपल्या मशिदीतल्या बायका. हैदराबादच्या दोघी हायत, सोमालियाची एक हाय. साना त्यांच्याकडं शिकायला जाते. म्हणाली, माझ्या अम्मीला आंघोळ मीच घालणार."

सानाचं हे मला माहीत नव्हतं. आपा खाली बघत होती. स्वतःच्या शेवटच्या आंघोळीची बोलणी ऐकत बसणं काय असतं हे मी कसं सांगू? पण तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. कुणीतरी आपलं सामान नीट भरून देत असल्यासारखी ती ऐकत होती.

"भिंत हाय का?" अम्मीनं विचारलं.

"न्हाई, अम्मी. नुसती जाळी हाय. फाटक उघडं असतंय."

"आन बायका आत जातात?"

"जातात. खुर्ची घेऊन बसतातबी. कुणी काही म्हणत न्हाई."

"बसतात," अम्मी म्हणाली. मग स्वतःशीच म्हणाल्यासारखी, "मला तर तुमच्या अब्बाची कबर कोणत्या अंगाला हाय तेबी रफिकच बोट करून दाखवतोय."

ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. तिनं आपाचे पाय उचलून आपल्या मांडीवर घेतले, बूट काढले, मोजे काढले आणि तळवे चोळायला लागली. पाय सुजलेले होते. शेजारून लोक जात होते, फोटो काढत होते, एक नवं लग्न झालेलं जोडपं काचेसमोर उभं होतं. आपानं मान मागं टेकवली आणि डोळे मिटले. दुपारपर्यंत आम्ही तिथंच होतो. मग दोघी बारीकसारीक बोलायला लागल्या. चौसाळ्याची मामी, गल्लीतली शेळी, अब्बा आपाला गाड्यावर बसवून बाजारात न्यायचे ते. एकदा आपा मोठ्यानं हसली, पूर्वीसारखी, आणि तिला खोकल्याची उबळ आली. अम्मीनं पाठ चोळून ती थांबवली.

*निघताना*

त्याच संध्याकाळी निघायचं होतं. आपाचं विमान आधी होतं. जाणाऱ्यांच्या दारापाशी एक जागा येते, तिथून पुढं निरोप द्यायला आलेल्यांना जाता येत नाही. माणसं तिथं गळ्यात पडतात, पोरं रडतात, काही जण नुसते हात हलवून चालायला लागतात. आम्ही रांगेच्या बाजूला थांबलो.

आपा व्हीलचेअरमधून उठली. इक्बालभाई नको म्हणत होते, पण ती उठली. तिनं अम्मीचे दोन्ही हात धरले.

आमच्यात एक रीत आहे. कायमची ताटातूट व्हायच्या आधी लेकरू आईकडं दूध माफ करायला सांगतं. जे दूध पाजलंस त्याची फेड माझ्याकडून झाली नाही, ते बख्श दे, असं म्हणतं. बहुतेक वेळा आईच्या अखेरच्या वेळी लेकरं हे मागतात. मी लहानपणापासून कितीतरी घरांत हे ऐकलं आहे. आई असताना लेकीनं आपल्या जाण्यासाठी ते मागितलेलं मात्र कधी ऐकलं नव्हतं.

आपानं सुरुवात केली. "अम्मी, दूध..." एवढंच म्हणाली.

अम्मीनं तिला पुढं बोलू दिलं नाही. "बख्शलं," ती म्हणाली. "बख्शलं, बेटा. सगळं बख्शलं. तुझ्याकडं माझं काही राहिलं न्हाई."

मग तिनं आपाचं कपाळ चुंबलं, मास्कवरूनच गाल चुंबले, आणि तिच्या कानाशी म्हणाली, "तुझ्या लेकीपाशी राहा."

आपानं ऐकलं. मान हलवली. इक्बालभाईंनी तिला धरून खुर्चीत बसवलं. अम्मी त्यांच्याकडं वळली. "सकाळी मी वंगाळ बोलले," ती म्हणाली. इक्बालभाईंनी वाकून तिचे हात आपल्या डोळ्यांना लावले. मग ते खुर्ची ढकलत आत गेले. आपा मागं वळून बघत होती, दिसेनाशी होईपर्यंत. अम्मीही बघत होती. ती दिसेनाशी झाल्यावरही आम्ही तिथंच उभे राहिलो, आणि रांग आमच्या बाजूनं सरकत राहिली.

आमच्या विमानाला वेळ होता, तोवर अम्मी नमाजाच्या खोलीत बसली. नंतर मी विचारलं, काही खायचं का, काही बघायचं का. म्हणाली, "न्हाई. झालं माझं बघून."

*बीड*

थंडी सरत आली होती तेव्हा इक्बालभाईंचा फोन आला. मी पहिल्या एसटीनं बीडला गेलो. मला दारात बघूनच अम्मीला कळलं. तिनं इन्ना लिल्लाहि म्हटलं आणि भिंतीला टेकून बसली. गल्लीतल्या बायका आल्या. कुणीतरी विचारलं, "मय्यत कवा आणणार?" अम्मीनं डोळे पुसून सांगितलं, "तिला तिकडंच ठिवायचंय. मीच सांगितलंय." तिच्या आवाजात असं काही होतं की पुन्हा कुणी विचारलं नाही.

पुढच्या शुक्रवारी सानाचा फोन आला. सानाला मराठी समजते, बोलताना अडखळते. मी फोन अम्मीच्या कानाला लावून दिला, पण आवाज मलाही ऐकू येत होता. मागं वाऱ्याचा आवाज होता, कुठलेतरी पक्षी ओरडत होते.

"नानी," साना म्हणाली, "मी इथं बसलेय. अम्मीजवळ."

"कुठल्या अंगाला?"

"डोक्याकडं."

ओढणीचं टोक अम्मीनं तोंडावर धरलं होतं.

"बस," ती म्हणाली. "घाई करू नको. मी हाय फोनवर."

मग फोनातून नुसता वारा ऐकू येत राहिला. मी ओसरीवर जाऊन बसलो. बऱ्याच वेळानं आत डोकावलो तेव्हाही फोन तिच्या कानालाच होता.